चिंगीची साखर

२२ डिसें., सोम.
चिंगी पाण्याचं भांडं चाटून रिकामं करते आणि मग थेट आमच्या रोपांच्या नर्सरीतल्या टाक्याकडे. परत येऊन अंगणात मुतते, की पुन्हा पाणी. वाळलीसुद्धा. मला साखर निघाली तेव्हा हेच सगळं होतं. पण कुत्रीला? ह्यांना म्हटलं, तर मिरचीच्या रोपांवरून मान वर न करता म्हणाले, "डोकं फिरलं का तुह्यं?"
दुपारी माझ्याच साखर मोजायच्या मशीनवर तिच्या कानातल्या रक्ताचा थेंब घेतला. आकडा माझ्यापेक्षा वर. मशीन बिघडलं असेल.

२४ डिसें.
मशीन ठीक आहे. मेहकरला जनावरांच्या डॉ.कडे नेली, साखरच निघाली. म्हणाले, हिला गोडाने झालेलं नाही. पुष्कळदा रक्तातच असतं, आईबापाकडून आलेलं. हिच्यासारख्या पॉमेरेनियन जातीत जास्त, त्यात ऑपरेशन न केलेली मादी. माज येऊन गेला की उफाळतं. गावठीत का दिसत नाही विचारलं, तर म्हणाले, गावठीला तपासतं कोण?
इन्सुलिन दोन वेळा, पोट भरल्यावरच. आणि निघताना म्हणाले, हिची पिल्लं असतील तर त्यांची वीण वाढवू नका.
हिचं एकच पिल्लू जगलं. सोनी. ती दुसरबीडला मंदाताईकडे, आणि नणंदेला असलं काही सांगायचं म्हणजे...

२६ डिसें.
सांगितलं. ताई फोनवर हसतच सुटल्या. "वहिनी, माणसाचे रोग कुत्र्याले कुठी होतात का?" सोनीच्या पिल्लांना गावात आत्ताच मागणी आहे म्हणे.
इकडे सासूबाईंचं निराळंच. "तुह्या ताटातलं उष्टं खाऊन खाऊन झालं तिले." म्हटलं, डॉ. म्हणाले आईबापाकडून येतं. तर म्हणतात, "तिची माय कोनं पाह्यली? तुह्यं ताट तं मी रोज पाहून राह्यली."
चिंगीच्या इन्सुलिनची बाटली फ्रिजमध्ये माझ्या बाटलीशेजारी.

६ जाने., अंगारकी
सकाळी चिंगीपुढे दूधभाकर ठेवली, सुई दिली आणि रोपांना पाणी द्यायला गेले. परत आले तर ही ओसरीत आडवी, पाय झाडतेय, डोळे फिरलेले. डॉ.ना फोन लावला. ते म्हणाले, साखर एकदम उतरलीय, आधी गूळ, हिरड्यांना चोळा. गूळ? पण चोळला. रडत रडत चोळला. थोड्या वेळाने मान उचलली बाईने.
मग कळलं. माझी पाठ वळताच भरली ताटली सासूबाईंनी उचलली होती. चिंगी बरी व्हावी म्हणून त्यांनी अंगारकी धरली, आणि जिच्यासाठी धरली तिच्याकडूनही करवली. "चंद्र निंघाला का देणार होती मी तिले," एवढंच म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. त्यांच्याही पोटात काही नव्हतं.
साखर झालेल्या जिवाला गुळाने वाचवलं. मला आता काहीच कळेनासं झालंय.

९ जाने.
चिंगी खाटेला धडकते. डोळ्यांवर दुधाळ पडदा. डॉ. म्हणाले होते, साखर झालेल्या कुत्र्यांत मोतीबिंदू भराभर येतो. इतक्या भराभर?
दिवसभर डोक्यात एकच. माझ्या आईला साखर होती. तिलाही कोणी सांगितलं असतं, वीण वाढवू नका, तर मी नसते. माझी पल्लवीही नसती. मग सोनीबद्दल मी कोणत्या तोंडाने सांगू? आणि चिंगी अशी चाचपडत येते तेव्हा वाटतं, सांगायलाच पाहिजे. दोन्ही खरं वाटतं.

१४ जाने., संक्रांत
मंदाताई आल्या, सोनीला कडेवर घेऊन. तिळगुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला, मी तो पदराला बांधला. चिंगीला दिसत नाही, पण वासावरून ओळखलं. लेकीचं तोंड चाटता चाटता शेपूट थांबेना.
ताईंना न विचारता मशीन आणलं. सोनीचा आकडा चांगला. "पाहा," ताई म्हणाल्या, "उगाच जीव खाल्ला माह्या." म्हटलं, आज चांगला आहे, पुढचं कोणाला माहीत? पण वीण नका वाढवू, ताई.
त्यांनी माझा हात धरून सोनीच्या पोटावर ठेवला. पोट गरम, घट्ट.
"तुमचा फोन यायच्या आधीचंच आहे, वहिनी. चिंगी आंधळी झाली म्हणून पहिलं पिल्लू तुमच्यासाठी धरलं."
सासूबाई आतून म्हणाल्या, "आणू. फक्त तुह्यं उष्टं घालू नको म्हणजे झालं."
मी हात काढला नाही. ताईंनी तेच हो धरलं असावं.
संध्याकाळी चिंगीला भाकर दिली, ताटली साफ होईपर्यंत शेजारी बसले. मग तिची सुई, मग माझी. पल्लवीला फोन केला. तुझी साखर कधी तपासलीस, विचारलं. म्हणाली, "काऊन गं? काय झालं?"