पत्रिकेतून गळालेल्या दाजींस

सोनपेठ,
२२ फेब्रुवारी

आदरणीय दाजी सिद्धोधनराव यांस,
मेहुणा भगवान याचा सविनय जय भीम.

पत्र लिहिण्यास कारण की, तुम्ही माझा फोन उचलत नाही. चार वर्षं झाली. पोस्टमन मात्र तुमच्या सेलूच्या घरी थेट ओट्यापर्यंत येतो आणि त्याला परत पाठवण्याचा तुमचा स्वभाव नाही, हे मला ठाऊक आहे. आपला उजवा गुडघा कसा आहे? रेणुकाआक्काची शुगर आटोक्यात आहे ना? जिनिंगवाल्यांच्या कापसाच्या धुळीनं तुम्हाला सकाळी सलग सात शिंका यायच्या, त्या आता किती येतात? इकडे सर्व ठीक. आई (चांगुणाबाई, म्हणजे तुमच्या सासूबाई; इतक्या दिवसांत विसरला असाल म्हणून नाव लिहिलं) अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते. दुपारी आमच्या पत्रिका छापायच्या दुकानाच्या दारात बसते आणि स्टँडकडे जाणाऱ्या गाड्या बघते. कशाला बघतेस म्हटलं, तर म्हणते, 'मोजायलेय.' सेलूची गाडी गेली की मात्र उठून आत येते.

आता मूळ मुद्द्याला येतो. (मूळ मुद्द्याला यायला मला वेळ लागतो, असं तुम्ही आमच्या लग्नाच्या बैठकीतच म्हणाला होतात.) चार वर्षांपूर्वी आमच्या बुद्धभूषणच्या लग्नाची पत्रिका तुमच्या हाती पडली. तुम्ही निवृत्त हेडमास्तर. हातात कागद आला की तुमच्या खिशातून लाल पेन आपोआप बाहेर येतो. त्या पेनानं तुम्ही निमंत्रकांची यादी तपासत गेलात. मामा होते, चुलते होते, शेजारचा शेळ्यावाला रायभान होता, एवढंच काय, देवगाव फाट्याचे कोणी सिताराम गिरामही होते. (लग्न दोन्हीकडचं मिळून, पत्रिका एकच, तेव्हा ते मुलीकडचे असावेत असं आम्ही धरून चाललो.) नव्हता फक्त या घरचा एकुलता एक जावई. तुम्ही पेनाला टोपण लावलंत आणि लग्नाला आला नाहीत. आक्का एकटी आली, बुद्धवंदना होईपर्यंत विहाराच्या भिंतीला टेकून उभी राहिली आणि न जेवता सेलूच्या गाडीत बसली. त्यानंतर ती माहेरी आलेली नाही. दाजी, मला एकच बहीण आहे. सणावाराला जेवायला बसलो की तिची मोकळी जागा दिसते, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मी पहिल्या दिवसापासून सांगत आलो की तुमचं नाव मी टाइप केलं होतं, ओळी जास्त झाल्या आणि छापताना मशीननं खालची ओळ गाळली. तुम्ही आक्काकरवी निरोप दिलात की, 'मशीनला नाती कळत न्हाईत, मग नेमका जावईच कसा गाळला?' प्रश्न बिनतोड होता. उत्तर माझ्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये होतं, आणि ते बाहेर निघत नव्हतं.

आता धम्मशीलाचं जमलंय. मुलगा पाथरीला नर्स आहे, शांत आहे, आणि आमच्या पोरीपुढे शांतच माणूस टिकेल. दहा मे तारीख धरली. मी हौसेनं पत्रिकेचा विषय काढला, तर आई म्हणाली, 'आधी ती जुनी पत्रिका उघड. जावयाचं नाव त्यात आसंल तर मी सोता सेलूला जाऊन त्यांना समजावते. नसंल तर तू जा आन् पाय धर. तवर या घरात नवी पत्रिका छापायची न्हाई.' जगात कोणत्या कोर्टानं इतका सरळ निकाल दिला असेल? मी खुशीत होतो. सत्य माझ्याच बाजूला आहे याची मला पक्की खात्री होती.

अडचण एवढीच की ती पत्रिका उघडत नव्हती. बुद्धभूषणच्या लग्नानंतर माझा कॉम्प्युटर व्हायरसनं इतका खंगला की एक अक्षर उमटायला चहा पिऊन यावं लागे. तेव्हा कॉलेजातले योगीराज सर आले. त्यांनी माझ्या फायली जपून बाजूला ठेवल्या, कॉम्प्युटर चालवणारी विंडोज काढली आणि तिच्या जागी लिनक्स नावाची दुसरी, फुकटची प्रणाली घातली. कॉम्प्युटर तरण्या गोऱ्ह्यासारखा पळायला लागला. नव्या पत्रिका मी लिनक्सवरच करू लागलो, पण आमचा तो जुना पत्रिकांचा प्रोग्रॅम विंडोजशिवाय कुणाशी बोलेना. परभणीला दोन दुकानांत विचारलं, तर म्हणाले, इतका जुना प्रोग्रॅम आमच्या नव्या कॉम्प्युटरवरही चढत नाही. शेवटी योगीराज सरांनी फोनवर सांगितलं की असं एक फुकटचं सॉफ्टवेअर मिळतं, जे मध्ये बसतं. जुना प्रोग्रॅम विंडोजच्या बोलीत जे मागतो, ते हे लिनक्सला तिच्या बोलीत सांगतं, आणि तिकडून आलेलं उत्तर फिरवून इकडे देतं. आमच्या आजोबांचे निजामाच्या काळातले उर्दू कागद वाचायला परभणीचे एक म्हातारे मुन्शी यायचे, आठवतात? शेत आपलं, कागदही आपला, पण मुन्शीजी आल्याशिवाय आपल्या बांधाची खूण आपल्यालाच कळायची नाही. तसंच हे. मी त्याचं नाव मुन्शीजीच ठेवलं. (तुम्ही आणि मी चार वर्षं बोलत नाही आणि मध्ये आक्का निरोप ने-आण करते, हेही जवळपास तेच काम, पण तो विषय आत्ता नको.)

मुन्शीजींना आणायचं तर एका काळ्या खिडकीत हुकूम लिहावे लागतात. पहिला हुकूम लिहिला, तर तिनं पासवर्ड मागितला. मी टाइप करू लागलो, पण पडद्यावर काही उमटेना. अक्षर नाही, ठिपका नाही. अकरा वेळा केलं. माझी खात्री झाली की कीबोर्ड गेला. मी तो खोलला, सगळी बटणं काढली, परातीत निरम्याच्या पाण्यात धुतली आणि सुपात घालून गच्चीवर वाळत ठेवली. आईनं ती वाळलेले सांडगे समजून सावलीत आणून ठेवली. (तिला चष्म्याशिवाय सुई दिसते असं वर लिहिलंय, ते खरं आहे, फक्त सांडगे दिसत नाहीत.) संध्याकाळी बटणं परत बसवली, त्यातल्या चारांची जागा चुकली. मग योगीराज सरांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, 'भगवानराव, तिथं पासवर्ड दिसत नसतो. न दिसता लिहायचा आणि एंटर मारायचं.' मारलं. लगेच चाललं.

पुढे मुन्शीजी इंटरनेटवरून उतरवून घ्यायचे होते आणि मोबाइलची रेंज आमच्या घरात फक्त न्हाणीत येते. गल्लीत चांगली रेंज कुठे, तर रायभानच्या शेळ्यांच्या वाड्यात. म्हणून कॉम्प्युटर, टेबल आणि वायर घेऊन मी तिथं मुक्काम ठोकला. बासष्ट टक्के झाले की लाइट जायची. पहिल्यापासून सुरू केलं की पुन्हा बासष्टला जायची. वीजवाल्यांची माझ्यावर पाळत होती की काय कोण जाणे. रायभान शेळी पिळत पिळत विचारायचा, 'भगवानराव, काय करायलाव एवढं?' मी म्हणायचो, दाजींचं नाव शोधायलोय. तो म्हणायचा, 'मग त्यांनाच इचारा की.' शहाणा माणूस आहे, पण मला तेव्हा ते पटलं नाही. तिसऱ्या दिवशी मुन्शीजी पूर्ण उतरले.

आता जुन्या प्रोग्रॅमची सीडी हवी. घर पालथं घातलं, दुकान पालथं घातलं. मग आठवलं. यंदा पाखरांनी ज्वारीवर हल्ला केला, तेव्हा रायभाननं माझ्याकडून निकामी सीड्यांचा एक गठ्ठा नेला होता आणि उन्हात चमकून पाखरं बुजावीत म्हणून दोऱ्यांनी त्या रानभर टांगल्या होत्या. दाजी, माझ्या निर्दोषपणाचा एकमेव पुरावा रायभानच्या ज्वारीत वाऱ्यावर गरगर फिरत होता. दोघं रानात गेलो. एकूण एकतीस सीड्या. उन्हानं नावं उडालेली. एक एक सोडून पिशवीत भरल्या (त्या दिवशी पाखरांनी जे खाल्लं त्याला मी जबाबदार, हे मी रायभानला कबूल केलं आहे). मी घरी कॉपी करून भरलेल्या सगळ्या सीड्या पांढऱ्या पडून मेल्या होत्या. कॉम्प्युटरमध्ये घालता घालता सव्विसावी घातली तेव्हा तो घरघरला आणि जुन्या प्रोग्रॅमचं चित्र पडद्यावर आलं. कंपनीची छापील सीडी, म्हणून टिकली. मुन्शीजींनी तिच्याशी काय बोलणी केली मला माहीत नाही, पण दहा मिनिटांत प्रोग्रॅम चढला. रायभाननं सुद्धा टाळी वाजवली.

पत्रिका उघडली. पण सगळा इंग्रजी कचरा! बुद्धभूषणचं नाव कंसात, स्वल्पविरामात आणि डॉलरच्या खुणेत सांडलेलं. आईला दाखवलं, तर म्हणाली, 'हे वाचून तर मी बी लग्नाला आले नसते.' माझा धीर खचला होता, खोटं कशाला सांगू. पण योगीराज सरांनी सांगितलं की जुन्या मराठी अक्षरांचे फॉन्ट वेगळे असतात, ते सीडीतून काढून मुन्शीजींच्या दप्तरात ठेवावे लागतात. ठेवले. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला. आणि दाजी, काय सांगू! काना, मात्रा, वेलांटी, सगळं जागच्या जागी. वर बुद्धांचं चित्र, खाली 'मंगल परिणय', त्याखाली माझ्या पोराचं नाव. चार वर्षं मुकी झालेली पत्रिका बोलायला लागली. माझे डोळे भरून आले. दोन यंत्रं, एकमेकांची बोली न कळणारी, आणि मध्ये बसायला कुणी तयार झालं की दोघं एकाच टेबलावर बसून काम करतात. आपण तर एकाच भाषेत रुसलोय.

असो. काम फत्ते झालं. बाकी सर्व क्षेम. आक्काला माझा जय भीम सांगा, गुडघ्याला तेल लावत जा, शिंकांचं कळवा.

तुमचाच,
भगवान

ता. क. : वर 'काम फत्ते' लिहून पत्र बंद करायला निघालो होतो, पण आई शेजारीच बसली आहे आणि 'लिव, पुढं लिव' म्हणते आहे. तेव्हा लिहितो. तुमचं नाव त्या फायलीत नव्हतं. खालच्या ओळीत नाही, वरच्या ओळीत नाही, कुठेच नाही. मशीननं काहीही गाळलेलं नाही. आमच्या धंद्यात नवी पत्रिका कुणी कोऱ्या पानावर करत नाही; आधीच्या गिऱ्हाइकाची उघडायची आणि तिच्यावरच नवी नावं चढवायची. देवगाव फाट्याच्या एका घरची पत्रिका मी खाली घेतली, सगळी नावं बदलली आणि एक राहिलं. त्यांच्या जावयाचं. सिताराम गिराम. तुमच्या जागेवर, तुमच्याच ओळीत, तो बिचारा चार वर्षं बसून आहे. खात्रीसाठी मी व्याह्यांना फोन केला. ते म्हणाले, 'आमाला वाटलं तुमचेच हायेत. लग्नात दिसले न्हाईत, रुसले होते का?' मी म्हणालो, हो, रुसले होते. फक्त ते सिताराम नव्हते. दाजी, चूक माझी. ती मी चार वर्षं मशीनवर ढकलली आणि ढकलता ढकलता मलाही खरी वाटायला लागली. आईच्या निकालाप्रमाणे पाय धरायला यायचं आहे, पण तुम्ही दार लावलंत तर ओट्यावरून परतायची मला सवय नाही, म्हणून आधी हे पत्र.

दुसरा ता. क. : सोबत धम्मशीलाच्या पत्रिकेचं प्रूफ जोडलं आहे. या वेळी कोऱ्या पानापासून एकेक अक्षर टाइप केलं. आई मागे उभी होती. लाल पेनानं तपासून द्यावं. निमंत्रकांच्या यादीत पहिली ओळ मोकळी दिसेल, ती चूक नाही. आई म्हणते, भगवानच्या हातून त्या जागेवर आता काही लिहायचं नाही. तुम्हीच तुमच्या अक्षरात तुमचं नाव लिहा. मी ते जसंच्या तसं छापीन. त्यात मध्ये कुठला प्रोग्रॅम लागत नाही.

तिसरा ता. क. (हा आईचा, तिनं सांगितलं तसा लिहिला आहे) : जावई, जय भीम. भगवाननं पाकीट डकवायच्या आधी तुमाला सांगते. कागद टपालानं परत धाडू नका. लाल पेन खिशात घाला, रेणुकाला संगं घ्या आन् हितं येऊन लिवा. सेलूची गाडी दुपारी कवा येती, मला पाठ हाय.