काडी कोणी ओढायची

१५ जानेवारी १९८८, शुक्रवार
रिबेकाला जाऊन महिना झाला. शब्बाथचा, शनिवारच्या विसाव्याचा दिवा लावला. घरच्या बाईने लावायचा, पण बायको गेली, घरात दुसरी बाई नाही, तेव्हा मी. सूर्य मावळायच्या आधी लावायचा एवढं ठाऊक होतं. प्रार्थना अर्धीच आठवली. रडू येईल वाटलं होतं, नाही आलं. मटणाची आणि दुधाची भांडी आमच्यात वेगळी, पण मटणाचं पातेलं कुठलं आणि दुधाचं कुठलं ते कळेना. दोन्ही तशीच ठेवली, केळी खाल्ली. सूर्य मावळायच्या आत हे लिहून मिटतो.

१७ जाने., रविवार
काल शब्बाथ, म्हणून लेखणी बंद. नोकरीची तीस वर्षं मी शनिवारी कामावर जायचो, घरातला शब्बाथ तिचा होता. आता अख्खा माझ्या अंगावर पडलाय. विस्तव पेटवायचा नाही म्हणजे सकाळचा चहा नाही. शेजारच्या सिंधूअक्का येऊन गॅस पेटवून द्यायच्या, वीस वर्षं. त्या ज्यू नाहीत, त्यांना चालतं. पण रि. त्यांना "पेटवा" कधी म्हणाली नाही. सांगायचं नसतं. दारात उभी राहून म्हणायची, "आज गारठा आहे बाई," की अक्का ओट्याशी हजर. मला ते कुठलं जमायला. काल सरळ म्हणालो, "अक्का, गॅस पेटवून देता का?" अक्का हसल्या. "भाऊ, वहिनी अशी कधी नही सांगे."
माझी चूक मला अक्कांनी दाखवली. वर वांग्याचं भरीत ठेवून गेल्या. चव लागली नाही. भरितात दोष नव्हता.

२२ जाने., शुक्रवार
एस्थरचं पत्र. "बाबा, येत्या नाही, पुढच्या शनिवारी येते. रविवारपर्यंत राहीन."
एकुलती मुलगी. धुळ्याला शाळेत शिकवते. चार वर्षांपूर्वी तिथल्याच मिलिंदशी लग्न केलं, बौद्ध घर. मुलात वाईट काही नाही, पण आपल्यातला नाही. त्या दिवसापासून मी बोलणं टाकलं. रि. चोरून पत्रं लिहायची, मला माहीत होतं. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. रि. गेली तेव्हा तार केली. आमच्यात माती त्याच दिवशी देतात, थांबत नाहीत. ए. पोचली तोवर सगळं उरकलेलं. दारात उभी होती. मी "आत ये" म्हणालो नाही. का, ते आठवत नाही. ती दारातूनच परत गेली.
दिवा लावायची वेळ झाली, पुरे.

३१ जाने., रविवार
काल ए. आली. सकाळची बस, स्टँडवरून इथे पिंप्राळ्यापर्यंत रिक्षा. शब्बाथला प्रवाससुद्धा नको, पण ते मी बोललो नाही. वाळली आहे. कपाळ आईचं.
"बाबा, चहा झाला नाही ना? टाकते," म्हणत सरळ ओट्याशी. काडी ओढणार तोच मी हात धरला.
"तू नको. अक्का येतील, त्या पेटवतील."
तिने काडी खाली ठेवली. मग हळू म्हणाली, "मिलिंदच्या आजीला पाण्याला शिवू देत नव्हते. तसंच का हे, बाबा? अक्कांचा हात चालतो, माझा विटाळतो?"
म्हणायचं होतं ते उलटंच. अक्का परक्या, म्हणून त्यांना मोकळीक. तू आमची. लग्न कुणाशीही केलंस तरी आईकडून आलेलं ज्यूपण पुसलं जात नाही. तुला मनाई, कारण तू घरची. सगळं डोक्यात तयार होतं. तेवढ्यात तिने पिशवी उचलली.
नंतर अक्का आल्या. "पोर कोठे गयी, भाऊ?" म्हटलं, गेली. त्यांनी चहा केला, मी प्यायलो. दुसरा कपही घेतला. लाज वाटायला हवी होती.

२ फेब्रु., मंगळवार
धुळ्याला जाऊन आलो. वाटेतलं पारोळा कधी गेलं कळलं नाही. दार मिलिंदने उघडलं, पाणी दिलं. तिची वाट बघत दोघं बसलो. तो एवढंच म्हणाला, "शनिवारी रात्री ती जेवली नाही." ए. शाळेतून आली. मी सगळं सांगितलं, पाठ केलेला धडा म्हणून दाखवावा तसं. पण सांगितलं.
तिने नीट ऐकून घेतलं. म्हणाली, "बरं. मी घरची. मग चार वर्षं कुणाची होते?"
मिलिंद उठून बाहेर गेला. माझ्या छातीत काहीतरी हललं, दीड महिन्यानंतर पहिल्यांदाच. दुखलं. सुटल्यासारखं वगैरे काही वाटलं नाही. नुसतं दुखलं.

१० फेब्रु., बुधवार
ए.चं कार्ड, सोबत उत्तरासाठी एक कोरं. त्यावर पत्ता तिनेच घातलाय.
"बाबा, नियम समजला. तरी या शनिवारी येणार, गॅस मी पेटवणार, चहा मी करणार आणि तुम्ही तो प्यायचा. चालत असेल तर कळवा. चालत नसेल तर कळवू नका."
रि.ने शनिवारी कधी काडी ओढली नाही. ताप असतानाही नाही. मुंबईला आमच्या प्रार्थनामंदिरातल्या हजानना विचारावं तर ते नाहीच म्हणणार, आणि त्यांचं बरोबरच असेल. रि.ने काय केलं असतं? खरंच माहीत नाही. इतक्या वर्षांत तिला काही विचारलंच नाही मी.
पेटीतलं टपाल साडेचारला काढतात. आज टाकलं तर शुक्रवारी पोचेल. आता पावणेचार. "चि. एस्थरला अनेक आशीर्वाद" इथपर्यंत लिहून झालंय.