कादंबरीचे शुद्धिपत्र

चि. धाकटीस आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीतल्या मुलाला आई वारल्यावर निर्दय बाप वसतिगृहात टाकतो, म्हणून तो जन्मभर कोरडा राहतो. साफ चूक! बाबांना उगाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेस. तू तेव्हा पाळण्यात होतीस. मला आईनेच धाडले. तिचे दुखणे मी पाहू नये म्हणून. मला मात्र वाटले, मी नकोसा झालो. पुढे तिने लिहिले, "पंडित, रुसवा पुरे. एकदा येऊन जा रे."

हे सांगणारे माझे हे पाचवे पत्र. आधीची चार खणातच आहेत.

तुझा दादा

शुद्धिपत्र :
वसतिगृहात रवानगी : १० जून.
आईचे पत्र मिळाले : ३ ऑगस्ट.
'येणार नाही' हे माझे उत्तर : त्याच दिवशी.
आईचा मृत्यू : ११ ऑगस्ट.