सायबाचं नाक

आदरणीय इंदुताईस,

धाकट्या मुखरूचा जय भीम. आम्ही धानोऱ्याकडे ठीक आहोत (म्हणजे आता आहोत, कारण खाली येतंच). तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजी मधुमेहाच्या गोळ्या घेऊन वेळेवर जेवतात, की माझ्यासारखेच? फोनवर बोललो असतो, पण तू मधेच रागावून फोन ठेवतेस.

आमचा कुत्रा सायब मी चंद्रपूरला तुझ्या दारी का आणून बांधला, ते खरं सांगितलं नव्हतं. 'गावात बिबट फिरतो' ही थाप होती. मी गावच्या दारूबंदी समितीचा अध्यक्ष (एकमताने, दुसरं कुणी उभंच राहिलं नाही). ग्रामसभेत भाषणाला उभा राहिलो, दुपार टळून गेली होती, पोटात अन्न नव्हतं, आणि हा गृहस्थ आला, माझ्यावर उडी मारून तोंड हुंगलं आणि पँट ओढत भुंकायला लागला. मागून पोचू ओरडला, "अध्यक्षानंच घेतली वाटते!" अख्खी सभा हसली. त्यात मला घाम फुटला, जीभ जड झाली आणि उरलीसुरली अब्रूही गेली. असं तीनदा झाल्यावर मी सायबाला टेम्पोत घातलं.

गेल्या मंगळवारी पहाटे इन्सुलिनची सुई टोचून, 'आल्यावर खाऊ' म्हणत मोहफुलं वेचायला गेलो. चौथ्या झाडाखाली डोळ्यांपुढे अंधारी आली आणि आडवा झालो. आता तूच सांग, हंगामात मोहाखाली पडलेल्या माणसाला कोण उठवतं? मोहाची दारू चढली, असंच समजतात. बाया आल्या, माझ्याभोवतीची फुलं वेचून पुढे गेल्या. (एकीने माझा हात उचलून खालचीही वेचली.) मला ऐकू येत होतं, बोलता येत नव्हतं. फार भीती वाटली, ताई. शेवटी त्यांच्यातल्या केसरबाईने वाकून हुंगलं. "काऊन वो, याच्या तोंडाले त वासच नाई येऊन राह्यला!" मग धावाधाव झाली. जरा शुद्धीवर येताच गुळाचं पाणी पाजलं, गावची आशा सेविका रिना साखर मोजायचं यंत्र घेऊन आली. गूळ पोटात जाऊनही साखर पन्नास.

रिना म्हणाली, "भाऊ, काही कुत्र्याईले साखर उतरल्याचा वास येते म्हणतात. तुमचा सायब कुठी हाये?" मला ते तिन्ही प्रसंग आठवले. तिन्ही वेळा मी उपाशी होतो. तो बिचारा मला जेव म्हणत होता आणि मी त्याला तडीपार केलं. सगळ्यांसमोर रडलो. (पोचू म्हणाला, आता नक्की घेतली.)

फुलं यंदा भरपूर आहेत. तुझी भावजय नीलिमा वाळवते आहे. तिचाही जय भीम.

तुझा,
मुखरू

ता. क. सायबाला परत पाठव. पत्राचं खरं कारण एवढंच.

दुसरा ता. क. आत्ताच तुझा मोबाइलवर निरोप आला, "सायब चांगला राह्यते, फक्त जेवाले उशीर झाला का यांचं तोंड हुंगून भुंकते. हे त्याले चपलीनं हाणतात." ताई, पोस्टाची वाट न पाहता या पत्राचा फोटो पाठवतो आहे. चप्पल लपव, सायब भुंकला की आधी भाऊजींची साखर मोज, मग गूळ दे. कमी निघाली तर सायब तिथंच राहू दे. मी खिशात गूळ ठेवीन.