दोन किनाऱ्यांवरची भरती

कुवेत,
५ मे १९५८

प्रिय अब्बास यास,
अनेक सलाम वि. वि.

तू पाठवलेले पुस्तक वाचून संपवले. दीडशे वर्षांपूर्वीचे ते विद्वान गलबतातून पत्रे धाडून आपापली मोजमापे ताडून पाहत. उत्तराला सहा सहा महिने लागत. आपल्याला पंधरा दिवस पुरतात! तेव्हा ठरले. मी इथे बंदराच्या कचेरीत कारकून, धक्क्यावरच्या पट्टीवर रोजची भरती वाचीन; तू जैतापूरच्या खाडीत वाच. मुंबईची एक संस्था वर्षभराच्या नोंदी छापायला तयार आहे, पण दिवस गाळलेला चालणार नाही म्हणतात. माझी बहीण तुला वेडा म्हणेल. तिला सांग, दोघेही आहोत.

लोभ आहेच, तो वाढू दे.
तुझा मेहुणा आणि वर्गमित्र,
कासम

जैतापूर,
२२ जून १९५८

प्रिय कासम,
सलाम वि. वि.

खाडीच्या मुखाशी खडकावर खांब रोवला आहे. किनाऱ्यावरून आकडे दिसत नाहीत, म्हणून होडीने जातो. शाळेतली पोरे मला भरतीमास्तर म्हणू लागली आहेत. खतिजा जेवण निवते म्हणून रागावते, पण आपली लेक मुनिरा आकडे मोठ्याने वाचते आणि त्यातच दशांश शिकली. गेल्या आठवड्यात वारा फार होता, दोन दिवस गेलो नाही. सोबतच्या तक्त्यात ते रकाने कोरे ठेवले आहेत. अंदाजाने भरणे मनाला पटेना.

तब्येतीस जपावे, आठवण ठेवावी.
अब्बास

कुवेत,
१२ जुलै १९५८

प्रिय अब्बास,
सलाम वि. वि.

ते दोन कोरे रकाने पाहून मला जेवण गेले नाही. इथे वावटळीची धूळ डोळ्यांत भरते, समोरचे जहाज दिसत नाही, तरी मी गुडघाभर पाण्यात उभा राहून आकडा घेतो. गैरहजर पोरांना तू छड्या मारतोस, मास्तरांना कोणी माराव्यात? हे दोन दिवस संस्थेकडून माफ करून घेईन. तिसरा नको.

रागावू नकोस, पत्र लवकर धाड.
कासम

जैतापूर,
४ ऑगस्ट १९५८

कासमभाई,
सलाम.

तुझे पत्र गेल्या सोमवारी आले. त्यांनी मला हसत हसत वाचून दाखवले. बुधवारी उधाण होते. शेजारचा फारूक त्यांना म्हणाला, आज होडी घालू नका. ते म्हणाले, तिसरा दिवस कासम माफ करणार नाही. होडी मुखाशी उलटली. शुक्रवारी ते सापडले, त्याच दिवशी दफन केले. रस्ता कालपर्यंत पाण्याखाली होता, तार करायला माणूस जाऊ शकला नाही.

मी इद्दतीत बसले आहे, चार महिने दहा दिवस उंबरा ओलांडायचा नाही. तुझा दोष नाही असे लिहायला कागद घेतला होता. तसे लिहवत नाही, भाई.

खतिजा

कुवेत,
२० ऑगस्ट १९५८

खतिजा,

तुझे पत्र कचेरीत उभ्यानेच वाचले. माझा दोष नाही असे तू लिहिले नाहीस ते बरे केलेस.

गुडघाभर पाण्यात उभा राहतो, हे मी खोटे लिहिले होते. इथे धक्क्याला कठडा आहे. त्याला टेकून, चहा पीत आकडा वाचता येतो. अब्बासला खिजवायचे म्हणून लिहिले. तो होडीने कुठवर जातो, लाटा केवढ्या असतात, हे मी एकदाही विचारले नाही.

नोकरी सोडली आहे. पुढच्या महिन्याच्या बोटीने येतो. घरात घेऊ नयेसे वाटले तर मशिदीत उतरेन. मुनिराला काय घडले ते मीच सांगीन, काहीही न लपवता. तोवर माझे नाव तिच्यापुढे काढू नकोस. ऐकल्यावर मला मामा म्हणायचे की नाही, ते तिचे तिला ठरवू दे.

लोभ मागण्याचा हक्क उरला नाही.
कासम