ऑक्सिडाइज्ड सेल्युलोज आन् माझा शांत स्वभाव

३ मार्च २०२५, सोमवार. सकाळी.
आजपासून राग बंद. बिलकुल बंद. विहारात जाऊन पंचशील पण घेतलं.
कारण प्रियदर्शनी. काल रात्री तिनं साफ सांगितलं की आता एक जरी भांडण दारापर्यंत आलं, तर ती साक्षीला घेऊन परतूरला भावाकडं जाणार आन् परत येणार न्हाई. बायकोचा गैरसमज आहे. मी मुळात शांत माणूस. लोक भडकवतात, त्याला मी काय करू? तरी पण रिस्क नको. साक्षी सहा वर्षांची आहे. ती समोर नसली तर मला घास उतरत न्हाई.
नवी नोकरी पण आजच. सर्जिकल कंपनीचा रिप्रेझेंटेटिव्ह, अख्खा जालना जिल्हा माझ्याकडं. प्रॉडक्ट ऑक्सिडाइज्ड सेल्युलोज. म्हंजे काय, तर कापसात सेल्युलोज असतं, त्याच्यावर केमिकल प्रक्रिया करायची आन् जाळीदार पट्टी बनवायची. ऑपरेशनमधे रक्त थांबेना झालं की तिथं ठेवायची. रक्त गोठतं, आन् पट्टी काढायची पण गरज न्हाई, अंगातच विरघळते. वाचूनच डोळे भरून आले. रक्त थांबवायचा धंदा. माझ्या स्वभावाला किती शोभतो!

४ मार्च.
पहिला कॉल, भारतचं मेडिकल. तो म्हन्ला की कापसाची पट्टी आपल्याकडं लई पडून आहे. मी प्रेमानं सांगितलं, ही कापसाची न्हाई, ऑक्सिडाइज्ड सेल्युलोज आहे. तो म्हन्ला, म्हंजे कापूसच की. मी परत समजावलं. तिसऱ्यांदा तो हसत हसत कापूस म्हन्ला तव्हा त्याचं डोकं काउंटरवर टेकलं. जरा जोरात टेकलं. मान माझ्या हातात होती, एवढंच.
नाकातून रक्त आलं. मी जल्दी सॅम्पल फाडून लावलं. पाच मिनिटांत थांबलं! भारतनं ऑर्डर दिली न्हाई, पण डेमो जबरदस्त झाला. याला भांडण म्हन्ता येणार न्हाई.

६ मार्च.
डॉक्टर आकांक्षा मॅडमला भेटलो. सर्जन आहेत. भारतच्या नाकाचा किस्सा सांगितला (डोक्याचा भाग वगळून). मॅडम म्हन्ल्या की ही वस्तू ऑपरेशनमधे आत ठेवायची, गल्लीत नाकाला लावत फिरायची न्हाई. मंग विचारलं, किती दिवसांत विरघळते. मी म्हन्लं, लगेच. मॅडम म्हन्ल्या, दीड-दोन आठवडे तरी लागतात, आधी वाचून या.
अपमान झाला. पण मी हसून बाहेर आलो. हाच तो संयम. बाहेर आल्यावर फक्त एका खुर्चीला लाथ घातली. खुर्चीत वॉचमन बसलेला होता, हे माझ्या ध्यानात आलं न्हाई.

९ मार्च, रविवार.
चिकन आणायला गेल्तो. सेल्समनला सुट्टी नसते, म्हनून दुकानदार बबलूला प्रॉडक्ट समजावलं. तो म्हन्ला, रक्त थांबवायचं असलं तर मंग मी हितं कशाला बसलोय? सगळे हसले. मी पण हसलो. मंग का कोण जाणे, त्याच्या तराजूचं वजन माझ्या हातात आलं आन् त्याच्या खांद्यावर बसलं.
दुकानातल्या चौघांनी मला धुतलं. म्हंजे आज मी मार खाणारा. मार खाणाऱ्याचं भांडण कसं धरणार?
घरी सांगितलं, गाडीवरून पडलो. प्रियदर्शनीनं विचारलं की गाडीवरून पडल्यावर पाठीवर चपलेचा ठसा कसा उठतो. मी म्हन्लं, रस्ते लई खराब झालेत.
चिकन आणायचं राहूनच गेलं.

१२ मार्च. दुपारी.
एमआयडीसीत गेटसमोर दोन टेम्पोवाले भांडून राह्यले होते. आधी कुणाचा टेम्पो आत जाणार, एवढ्यावरून. मला हिंसा पाहवत न्हाई. मधे पडलो. ऐकेनात. मंग दोघांना बराबर दिलं, कुणाला कमी न्हाई, कुणाला जास्त न्हाई. एकाची भुवई फुटली, एकाचा ओठ. दोघांना पट्ट्या लावल्या, ऑक्सिडाइज्ड सेल्युलोज म्हंजे काय ते पण समजावून सांगितलं.
भांडण मिटलं. आता ते दोघं जिगरी झालेत आन् मिळून मला शोधून राह्यलेत.
कंपनीला कळवलं, सॅम्पल पाठवा, जालन्यात डिमांड लई आहे.

१५ मार्च.
ते दोघं टेम्पोवाले आले. घरी. गाडीचा दिवा फोडला, दारावर लाथा घातल्या. मी लोखंडी पान्हा घेऊन बाहेर गेलो. एकाचा हात मोडला बहुतेक, आवाज तरी तसाच आला. दुसरा पळाला. मी कोपऱ्यापर्यंत मागं गेलो.
साक्षी खिडकीत उभी होती. बरं झालं, बापाची हिंमत पोरीला दिसली.
प्रियदर्शनी रडली न्हाई, बॅग पण काढली न्हाई. आत जाऊन भाकरी केली. म्हंजे माफ केलं. मी म्हन्लोच होतो, ती समजूतदार आहे.

१६ मार्च, रविवार.
सकाळी साक्षी गल्लीत सायकलवरून पडली. गुडघा फुटला, लई रक्त. मी सॅम्पल घेऊन पळत गेलो. खाली बसलो, पाकीट फाडलं, हात पुढं केला.
तिनं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. मी मुद्दाम न्हाई पडले पप्पा, मुद्दाम न्हाई पडले, असं म्हनत राह्यली.
मी तिला कधी मारलं न्हाई. एकदा पण न्हाई. तिला तसं सांगितलं. गुडघ्यातून रक्त चाललंच होतं, पण ती डोक्यावरचे हात काढेना. शेवटी मी चार पावलं मागं सरकलो, तव्हा शेजारच्या दुर्गाबाईंनी तिला उचलून नेलं.
दुपारी प्रियदर्शनीचा भाऊ घ्यायला आल्ता. बॅगा भरूनच ठेवलेल्या होत्या. मी कुणाला अडवलं न्हाई. पोरीला पापा द्यायचा होता, पण वाकलो न्हाई.
निघताना साक्षी मामाच्या पलीकडच्या बाजूनं चालली.

रात्री.
आज राग आला न्हाई.