सोमवारी बंदूक आणू नका

शुक्रवार, तारीख अकरा

भाऊजींना वहिनीचा आशीर्वाद.

तुम्ही, धाकटी, लेकरं बरी असाल. इकडे दाणावैरण आहे, माझी पाठ नेहमीसारखी धरलेली आहे. अक्षर चौथीतलंच, लावून घ्या. फोन केला असता, पण फोनवर तुम्हीच बोलता.

तुमचे भाऊ जगतील म्हणतात डॉक्टर. पाच बरगड्या मोडल्या, त्यातली एक फुप्फुसात घुसली होती. नळीतून पाणी घेतात आणि माझ्याकडे डोळे वटारतात, म्हणजे सुधारणा आहे.

सोमवारी तुम्ही बंदूक घेऊन येणार असं त्यांच्याकडून कळलं. घोडी पिसाळली, आज मालकाला चिरडलं, उद्या आणखी कुणाला चिरडेल, असं तुमचं दोघांचं ठरलंय. बंदूक आणू नका. का, ते सांगायलाच बसलेय, पण मेलं हे लिहिणं सरळ होत नाही.

घोडं शिकवायची तुमच्या भावाची रीत तुम्हाला ठाऊक आहे. आधी पाय बांधून पाडायचं, मग बडवायचं, धडपड थांबली की शिकलं म्हणायचं. हिला तीन दिवस पाडली. पाठीची सालं निघाली. चौथ्या दिवशी तिने त्यांच्या खांद्याचा लचका तोडला. तेव्हा म्हणाले, "तूच सांभाळ या सटवीला." आमच्याकडे सटवी अशी हाक आली की आम्ही दोघीही मान वळवायचो.

मला कुणी शिकवलं नव्हतं. मार खाणारीला दुसरीचे कान वाचता येतात, एवढंच. पहिले आठ दिवस मी दोर धरून आवारात नुसती उभी राहिले, तिच्याकडे न बघता. मला दूध तापेपर्यंत धीर नसतो, तुम्ही बघितलंय. पण उभी राहिले. नवव्या दिवशी तिने माझ्या पदराचा वास घेतला. मग दोर जरा ताणायचा, तिने एक पाऊल टाकलं की तिथल्या तिथे सैल सोडायचा. साखर नाही, थोपटणं नाही. सैल दोर हीच शाबासकी. पुढे समोर उभं राहून हात वर केला की मागे सरायला लागली, हात खाली आला की थांबायला. महिन्याभरात दोरही लागेना.

एक चूक माझ्याकडून राहिली. हात वर असला की ती रेटतच राहायची, मागे भिंत लागली तरी. भिंत लागली की थांबायचं, हे मी शिकवलं नव्हतं. मला ते माहीत होतं.

मंगळवारी सकाळी मी ठाणात समोर उभी राहून तिच्या तोंडावर मोरखी चढवत होते. ते साखळी घेऊन आत आले. कारण काय, तर अंग घासायचा खरारा जागेवर नव्हता. आधी मला कानाखाली बसली, साखळीचीच. मग ते मागे गेले आणि तिच्या मांड्यांवर सुरू झाले. तिचे कान पडले. आता दुगाणी झाडणार, हे मला दिसलं. मी म्हटलं, "उभी राहा बाई." ती उभी राहिली. भाऊजी, रक्त खुरापर्यंत आलं होतं आणि ती माझ्या शब्दावर उभी होती.

ते हसले. म्हणाले, "बघ, मारलं की कशी शिकते."

मी हात वर केला.

ती मागे सरली. ते भिंतीला लागले. "अगं, आवर तिला," म्हणाले. मग नुसतं "अगं". मग ओली फांदी मोडावी तसा आवाज आला, परत आला. तिच्या पाठीवरून त्यांना माझा हात दिसत होता. मी तो खाली घेतला असता तर ती तिथेच थांबली असती. दंड भरून आला, तरी घेतला नाही. त्यांची मान कलली, तेव्हा घेतला. ती लगेच थांबली आणि दोन पावलं पुढे आली.

पिसाळलेलं जनावर एवढं ऐकतं का?

त्यांना हे सगळं ठाऊक आहे. बायकोने मोडलं असं कुणाला सांगणार? घोडी गोळी घालून मारली की घरी येऊन माझ्याशी निवांत बोलता येईल, हा बेत आहे. कालपासून मी तिला भिंतीशी थांबायला शिकवतेय. सोमवारपर्यंत येईल तिला. येऊन बघा.

आणखी एक. तीन वर्षांपूर्वी तुम्ही इथे जेवत होता तेव्हा आतल्या खोलीत माझा हात मोडला. आवाज तुम्हालाही आला. मी बाहेर आले, तर तुम्ही मीठ मागितलंत. मी डाव्या हाताने दिलं. म्हणून हे तुम्हालाच लिहितेय, दुसऱ्या कुणाला नाही.

पोलीस आणायचे तर आणा, मी त्यांच्याबरोबर जाईन. घोडी मात्र धाकटीच्या हाती द्या, तुमच्या नको. आणि पत्र त्यांना वाचून दाखवायचं असेल तर सगळं दाखवा, मिठाचंसुद्धा.

मला अजून वाईट वाटलेलं नाही. वाटलं तर कळवीन.

सोमवारपर्यंत तरी तुमची,
वहिनी